शिक्षणाचे कर्ज आणि मिळकतीचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सांगली येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. परंतु सारा जन्म मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यात गेला. म्हणून आज एका वजाबाकीविषयीच बोलावयाचे योजिले आहे.

आपल्या या दोन जिल्ह्यांस रुग्णसेवेची परंपरा मोठी. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. १९६२ साली तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९८४ साली कऱ्हाडास कृष्णाकाठी दुसरे उभे राहिले. डॉक्टर होणे सर्वांस साधत नाही. म्हणून आपली मुले-मुली परिचारिकेच्या, प्रयोगशाळेतील तपासणीच्या, क्ष-किरणाच्या, शस्त्रक्रियागृहातील साहाय्यकाच्या शिक्षणाकडे वळतात. हे सेवाधर्माचे काम आहे व त्याची थोरवी आम्ही जाणतो. परंतु सेवा थोर असली म्हणून पगार थोर असतोच असे नाही.

उदाहरणादाखल एक गणित मांडू. समजा, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास दरसाल एक लाख याप्रमाणे शेकडा दहा व्याजाने बँकेचे कर्ज घेतले. वसुली शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. पण व्याज थांबत नाही. सरळ व्याज धरले तरी तोवर नव्वद हजार चढतात. हे तीन लाख नव्वद हजार सात वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ६,४७५ रुपये पडतात. म्हणजे तीन लाखांपोटी एकूण सुमारे पाच लाख चव्वेचाळीस हजार. आता पहिला पगार चौदा हजार मिळाला असे धरा. हाती उरले साडेसात हजार. त्यात खोलीचे भाडे, खानावळ, एस.टी.चा पास, आणि घरी पाठवावयाचे ते काय?

हे गणित आम्हांस पुस्तकाने शिकविले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मुलाच्या अशाच शिक्षणासाठी सल्ला विचारला. आम्ही मोठ्या उत्साहाने होकार दिला व पतसंस्थेच्या कर्जास जामीनही राहिलो. संस्थेस मान्यता आहे की नाही, मागील वर्षीच्या मुलांस कोठे व किती पगारावर नोकरी लागली, हे आम्ही विचारले नाही. मुलगा हुशार, कष्टाळू; रात्रपाळ्या करून त्याने हप्ते भरले. थकलेल्या हप्त्यांची नोटीस आमच्याही दारी आली. कर्ज अखेर फिटले. परंतु त्या चार वर्षांत त्याच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीवर थांबले, ते थांबलेच. त्या पोरीने आम्हांस कधी दोष दिला नाही. आम्ही मात्र स्वतःस देतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ‘कमवा आणि शिका’ हा धडा या सातारच्या मातीनेच देशास दिला. शिक्षणासाठी त्याग करावा, हे त्यांनी शिकविले. डोळे झाकून सही करावी, असे नव्हे.

तर मग कर्ज काढूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, इतकेच. आमचा ठोकताळा असा : एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगाराहून अधिक नसावे. वरील उदाहरणात पगार वर्षास १,६८,००० आणि कर्ज त्याच्या दुपटीहून अधिक. तेव्हा तेथे थांबून विचार करावा. प्रथम शासकीय संस्थेतील जागेसाठी झटावे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ केले आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत पद्धतीने झालेला असावा लागतो. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही, हे आधी विचारावे. कर्ज घेणेच पडले तर पतसंस्थेआधी राष्ट्रीयीकृत बँकेची पायरी चढावी. संस्थेच्या मान्यतेचा कागद स्वतः डोळ्यांनी पाहावा.

अमेरिकेत २०१५ पासून सरकारच महाविद्यालयागणिक विद्यार्थ्यांचे कर्ज व पुढील मिळकत प्रसिद्ध करते. आपल्याकडे तितके होईतो आपल्या मंडळाने एक साधी वही घालावी. सातारा-सांगलीतील आपल्या ज्या मुलामुलींनी हे शिक्षण घेतले, त्यांनी संस्था, खर्च, कर्ज व पहिला पगार हे चार रकाने खरेपणाने भरावे. नावाची गरज नाही. ही वही पुढील पालकांस आमच्या सल्ल्याहून अधिक उपयोगी पडेल.

त्या वहीसाठी शंभर पानांचे रजिस्टर आम्ही आज बरोबर आणले आहे. ते अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो. पहिली नोंद त्या मुलाने स्वतः लिहून दिली आहे.