गांवची गाडी कोणाची ?



फाट्यावर उभें राहून गाडीची वाट पाहणें हा हिंगोली जिल्ह्यांतील खेडुताच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग आहे, याची कल्पना घरची मोटार असणारास येणार नाहीं. गेल्या पावसाळ्यांत औंढा नागनाथाकडे जाणाऱ्या एका फाट्यावर मला सकाळचा दीड तास काढावा लागला. बरोबर सात-आठ शाळकरी मुली, हळदीच्या हिशेबासाठीं वसमतेस निघालेले एक वृद्ध शेतकरी आणि कडेवर तापानें फणफणलेलें मूल घेतलेली एक बाई, एवढीं माणसें होतीं. गाडी आली ती शाळा भरून अर्धा तास झाल्यावर. मुलींपैकीं दोघी गाडींत न चढतां घरीं परतल्या. "आतां जाऊन काय करायचें ? हजेरी तर होऊन गेली," असें त्यांतली थोरली म्हणाली. तिच्या स्वरांत तक्रार नव्हती, आणि मला तेंच अधिक लागलें.

वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, "साहेब, ही गाडी अर्धा तास अलीकडे आणायची तर सांगायचें कोणाला ?" प्रश्न साधा होता, उत्तर मला देतां आलें नाहीं. पुढें तें शोधीत असतां जें हातीं लागलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून निराळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगांव व औंढा नागनाथ असे त्याचे पांच तालुके. जिल्हाधिकारी आले, जिल्हा परिषद आली, मोटारींच्या पाट्यांवर 'एम्. एच्. ३८' हीं अक्षरें आलीं. एस्. टी.चा विभाग मात्र परभणीसच राहिला. हिंगोली, वसमत व कळमनुरी हीं तीन आगारें परभणीच्या विभाग नियंत्रकाच्या हाताखालीं चालतात. सेनगांव आणि औंढा या तालुक्यांस तर स्वतःचें आगारच नाहीं. रिक्षा व जीप यांच्या परवान्यांचें उपप्रादेशिक कार्यालय हिंगोलीस आहे, पण त्याच्या वरचें प्रादेशिक कार्यालय नांदेडास. अकोला-पूर्णा ही आगगाडीची वाट दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागांत मोडते, आणि त्या रेल्वेचें मुख्य ठाणें सिकंदराबादेस. शाळकरी मुलींसाठीं धांवणाऱ्या निळ्या गाड्यांचा पैसा ज्या मानव विकास कार्यक्रमांतून येतो, त्याचें आयुक्तालय छत्रपति संभाजीनगरास. तिकिटाचा दर मुंबईस ठरतो. २५ जानेवारी २०२५ पासून तो १४.९५ टक्क्यांनीं वाढला, तेव्हां वसमतेच्या आगारप्रमुखास कोणी विचारावयास आलें नव्हतें. रस्ता कोठें जिल्हा परिषदेचा, कोठें सार्वजनिक बांधकाम खात्याचा. आणि शाळेची घंटा वाजते ती शाळेच्या सोयीनें. एका गाडीचे इतके धनी, पण त्या फाट्यावरच्या मुलींची गाठ यांपैकीं एकाशींहि पडत नाहीं.

हा पसारा पूर्वीं इतका विखुरलेला नव्हता. १९३२ सालीं निजामाच्या सरकारी रेल्वेनें २७ गाड्या व १६६ नोकर एवढ्या भांडवलावर आपलें मोटार-खातें काढलें. राज्यसत्तेनें मोटारवाहतूक स्वतः चालविण्याचा हिंदुस्थानांतील हा अगदीं आरंभींचा प्रयोग होय. आगगाडी आणि मोटार एकाच खात्याच्या हातीं आल्यामुळें एकीनें दुसरीचे उतारू पळविण्याऐवजीं तिला ते आणून द्यावे, असा त्यांतील हेतु होता. व्यवस्था सुटसुटीत खरी. पण तींत प्रजेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तिकडे मुंबई इलाख्यांत १ जून १९४८ रोजीं पुणें ते तेव्हांचें अहमदनगर अशी पहिली एस्. टी. धांवली. त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ सालीं तो मुंबई राज्यास जोडला गेला, आणि पुढें निजामी मोटारीची जागा आपल्या ओळखीच्या लाल गाडीनें घेतली. ज्या १९५० च्या कायद्यावर हीं परिवहन महामंडळें उभीं आहेत, त्यांत सल्लागार मंडळें नेमण्याची तरतूद आहे. रेल्वेसहि उतारूंच्या सल्लागार समित्या आहेत. म्हणजे उतारूस विचारावें ही कल्पना कांहीं नवी नव्हे. मात्र हीं मंडळें राज्याच्या किंवा रेल्वे-विभागाच्या पातळीवर भरतात. सेनगांव तालुक्यांतील एका फाट्यावरची आठ वाजतांची गाडी हा त्यांच्या विचाराचा विषय होणें कठीण.

आगारप्रमुखास आपण सहज दोष देतों. क्षणभर त्याच्या खुर्चीवर बसून पाहूं या. गाड्या मोजक्या, चालक-वाहकांच्या कामाचे तास नियमानें बांधलेले. पहाटे खेड्यांत जाणारी गाडीच दहा वाजतां नांदेडास जाते, दुपारीं परत येऊन तिसऱ्याच गांवाकडे निघते. पहिली फेरी अर्धा तास सरकविली कीं मागच्या साऱ्या फेऱ्या सरकतात, आणि दुसऱ्या कोणत्या तरी फाट्यावर दुसरीं माणसें ओरडूं लागतात. शिवाय त्याच्या डोक्यावर 'भारमाना'चा हिशेब असतो. गाडींतील जागांपैकीं किती जागा भरल्या, यावर फेरी जगते किंवा मरते. खेड्याची गाडी सकाळीं जातांना रिकामी व येतांना चेंगरून भरलेली. सरासरी काढली कीं अर्धीच दिसते. शाळांना सुटी लागली म्हणजे तीहि घसरते. कागदावर पाहणारास ही फेरी बंद करावी असेंच वाटेल. त्या एका फेरीवर किती मुलींचें शिक्षण अवलंबून आहे, यासाठीं त्या कागदावर रकानाच नाहीं.

येथें आणखी एका मोठ्या भागीदाराचें नांव घेतलें पाहिजे, तें म्हणजे सरकारी तिजोरी. खेड्यांतील मुलींस शाळेचा पास फुकट. ७५ वर्षांवरील वृद्धांस २०२२ पासून प्रवास फुकट. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें भाडें. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळास करतें. योजना चांगल्या आहेत. माझ्या शेजारची ती बाई अर्ध्या तिकिटावरच दवाखान्यास निघाली होती. परंतु वाहकाच्या पिशवींत पडणाऱ्या पैशांचा एवढा वांटा मुंबईहून येऊं लागला, म्हणजे ती रक्कम मागें-पुढें झाल्याची झळ टायर, डिझेल आणि पगार यांस लागते, व पहिली कात्री खेड्याच्या फेरीवर चालते. भाडें अर्धें झालें, पण गाडीच आली नाहीं, तर त्या अर्ध्याचा उपयोग काय ?

निळ्या गाडीचें उदाहरण मला याच कारणासाठीं महत्त्वाचें वाटतें. मानव विकास कार्यक्रमाखालीं राज्यांतील १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेंत नेण्या-आणण्यासाठीं या गाड्या देण्यांत आल्या. आरंभीं दर तालुक्यास पांच. पैसा एका खात्याचा, चालविणारें महामंडळ दुसरें, आणि वेळ शाळेची. येथें आधीं शाळेची घंटा पाहिली व मग गाडीची वेळ लावली. क्रम उलटल्याबरोबर काम सोपें झालें. पांच गाड्यांनीं तालुक्यांतील सगळीं गांवें व्हावयाचीं नाहींत, हें उघड आहे. पण तो क्रम लाल गाडीसहि लावतां येईल.

आतां जीप, रिक्षा व टमटम यांजविषयीं. २०२१ च्या उत्तरार्धापासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस्. टी.च्या कामगारांचा संप चालला. त्या दिवसांत मराठवाड्यांतील खेडीं तालुक्याशीं जोडलेलीं राहिलीं तीं याच काळ्या-पिवळ्या जीपांमुळें. तरीहि त्यांस आपण चोरासारखें वागवितों. कायद्याचें म्हणणें असें कीं, भाड्याची गाडी एका करारानें एकाच मंडळीस न्यावी. वाटेंत थांबून दर माणशीं निराळें भाडें घेत उतारू गोळा करणें हें टप्पा-वाहतुकीचें काम, व त्यास निराळा परवाना लागतो. हा भेद खेडुताच्या गांवींहि नसतो. त्याचें महत्त्व त्यास कळतें तें अपघातानंतर, विम्याचा दावा अडला म्हणजे. मागच्या पायरीवर लोंबकळणारी माणसें पाहून मीहि रागावतों. पण ज्या गांवीं एस्. टी. दिवसांतून दोनदां येते, तेथें तिसऱ्यांदां जावयाचें तर दुसरा उपाय कोणता ? थोरल्या रस्त्यानें एस्. टी. धांवावी, आणि फाट्यापासून आंतल्या गांवापर्यंतचे तीन-चार मैल परवाना व विमा असलेल्या रिक्षांनीं ठरलेल्या वेळीं व ठरलेल्या दरानें सांभाळावे, अशी वांटणी मला शहाणपणाची वाटते. जुन्या रेल्वे-मोटार योजनेंतील कल्पनाच ही, फक्त लहान मापाची.

आणि गांवाचें काय ? गाडी सरकारची, तेव्हां आपलें काम हात दाखविण्यापुरतें, असा एक समज आहे. मुक्कामी गाडीकडे पाहिलें म्हणजे तो किती खोटा आहे हें कळतें. शहरांतील श्रोत्यांसाठीं सांगतों : संध्याकाळीं आगारांतून सुटलेली शेवटची गाडी खेड्यांत जाते, तेथेंच रात्र काढते, आणि पहाटे गांवच्या लोकांस घेऊन तालुक्यास येते. पहाटे रिकामी गाडी धाडण्याचा आगाराचा खर्च वांचतो. गांवास सकाळची पहिली गाडी हुकमी मिळते. शाळा, दवाखाना, कचेरी, बाजार, सगळें त्या एका गाडीवर साधतें. ज्या गांवीं ती असते तेथें रात्रीं गाडीचे दिवे दिसल्यावर घरोघरीं दुसऱ्या दिवसाचे बेत ठरतात.

पण त्या गाडीबरोबर दोन माणसेंहि मुक्कामास येतात. तीं निजतात कोठें ? बहुधा गाडींतच, बांकावर, उन्हाळ्यांत टपावर. डास आहेत, पिण्याचें पाणी मागून आणावयाचें, शौचास अंधारांत जावयाचें. दुसऱ्या दिवशीं त्याच न निजलेल्या डोळ्यांनीं चालकानें पन्नास जीव घेऊन खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी हाकावयाची. आतां वाहकांत स्त्रियाहि आहेत. त्यांस अशा मुक्कामास धाडणें कोणत्याहि आगारप्रमुखास जड जाईल, आणि तें योग्यच आहे. ग्रामपंचायतीजवळ एक खोली, तिला कडी, आंत दिवा व पंखा, बाहेर नळ आणि शौचकूप, एवढ्या गोष्टी असल्या तर मुक्कामी गाडी मागणाऱ्या गांवाच्या अर्जास वजन येतें. यास मुंबईची मंजुरी लागत नाहीं. तसेंच, कोणतेंहि आंदोलन पेटलें कीं पहिला दगड एस्. टी.च्या कांचेवर पडतो. फुटलेली कांच बसेपर्यंत ती गाडी आगारांत उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशीं फाट्यावर उभें राहणारें माणूस बहुधा दगड मारणाराच्याच घरचें असतें.

२०२४ सालीं महामंडळानें 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. ठरल्या दिवशीं अधिकारी आगारांत बसून उतारूंचीं गाऱ्हाणीं ऐकतात. उपक्रम स्तुत्य आहे. अडचण एवढीच कीं, गाडी येत नाहीं ही ज्याची तक्रार, त्यानें ती सांगण्यासाठीं आगारापर्यंत यावें कसें ? याकरितां माझी सूचना अशी आहे कीं, दरवर्षीं मे महिन्यांत, शाळा उघडण्यापूर्वीं, तहसीलदारानें तालुक्याच्या ठिकाणीं एक बैठक बोलवावी. आगारप्रमुख, माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, बांधकाम खात्याचा अभियंता, परिवहन कार्यालयाचा माणूस, बाजार समिति, रिक्षा-जीपवाल्यांचा प्रतिनिधि, फाट्यावरच्या गांवांचे सरपंच आणि दोन-चार उतारू, त्यांत निदान एक शाळकरी मुलगी, एवढ्यांनीं एक दिवस एका टेबलाभोंवतीं बसून गाड्यांचें वेळापत्रक समोर ठेवावें. शाळेनें घंटा दहा मिनिटें पुढें नेली तर गाडी सांपडते, कीं गाडी वीस मिनिटें आधीं सोडणें सोपें, हें तेथेंच कळेल. आगार नसलेल्या सेनगांव व औंढा तालुक्यांत तर ही बैठक आधीं व्हावी. सगळ्या धन्यांस एका दिवशीं बोलावूं शकेल असा अधिकारी जिल्ह्यांत एकच आहे, जिल्हाधिकारी. त्यांनीं मनावर घेतलें तर यास नवा कायदा नको कीं नवा पैसा.

वेळ संपत आली. त्या फाट्यावरच्या वृद्ध गृहस्थांचें उत्तर देणें राहिलें आहे. त्यांनीं ग्रामसभेचा ठराव करावा. त्यास मुख्याध्यापकांचें पत्र जोडावें, शाळेची वेळ व गांवांतून येणाऱ्या मुलामुलींची संख्या त्यांत लिहावी. अर्ज आगारप्रमुखांच्या हातीं द्यावा, पोंच घ्यावी, एक प्रत परभणीस विभाग नियंत्रकांकडे व एक जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. आणि गाडी मुक्कामासच मागावयाची असेल, तर चालक-वाहकांसाठीं खोली कोणती, तेवढें आधीं ठरवून ठेवावें.