खोकल्यावरची 'पॉवरची गोळी'



मी मुंबईत मरोळला दवाखाना चालवते. एमआयडीसीतले कामगार, रिक्षावाले, सिक्युरिटीवाले, धुणीभांडी करणाऱ्या बायका हे माझे पेशंट. सर्दी-खोकला घेऊन आले की म्हणतात, "मॅडम, पॉवरची गोळी द्या, उद्या ड्युटीवर जायचंय." एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे ही घाई मला कळते. पण ज्या गोळीने खाडा वाचेल असं त्यांना वाटतं, तिने तो बहुधा वाचत नाही.

मोठ्या माणसांचा सर्दी-खोकला आणि घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. पॉवरची गोळी म्हणजे अँटिबायोटिक, आणि ते विषाणूंवर चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतार पडतो तो आपसूक, श्रेय मात्र गोळीला जातं. कफ पिवळा झाला म्हणूनही ही गोळी लागतेच असं नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशींमुळे विषाणूच्या आजारातही कफाला तो रंग येतो.

आता खास मुंबईची गोष्ट सांगते. या शहरात लांबलेल्या खोकल्यामागे टीबी असू शकतो. पुष्कळदा असं होतं की पेशंट खिशातून अर्धी वापरलेली स्ट्रिप काढतो. मागे 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' असं सांगणारी उभी लाल रेघ, आत लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या उरलेल्या. "मेडिकलमधून घेतल्या, दोन दिवस बरं वाटलं, परत सुरू झालं." हे 'बरं वाटणं' मला फार घाबरवतं. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूलाही मारतं, पण एकटं पुरं पडत नाही. खोकला तात्पुरता दबतो, निदान लांबतं, तोवर घरातल्यांना लागण होते. उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. साध्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर जी मोजकी औषधं हाताशी आहेत, त्यांतलंच हे एक. त्याची धार आपण खोकल्यावर घालवतो.

यात आम्हा डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. १९९१ साली मुंबईतल्या १०० खासगी डॉक्टरांच्या टीबीच्या चिठ्ठ्या अभ्यासकांनी तपासल्या, तर त्यांत औषधांच्या ८० वेगवेगळ्या जुळण्या निघाल्या. २०१० साली तोच प्रश्न पुन्हा तपासला गेला, तेव्हा १०६ डॉक्टरांपैकी फक्त ६ जणांना बरोबर चिठ्ठी लिहिता आली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया यांनी, तपासलेल्या कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण जगापुढे मांडले.

वाटा मेडिकलवाल्यांचाही आहे. १ मार्च २०१४ पासून, चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या 'एच-वन' यादीतली औषधं विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं आणि ती नोंद तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. लिव्होफ्लॉक्सासिन त्या यादीत आहे. तरी ते काउंटरवर सुटं मिळतं.

अँटिबायोटिक कधीच नको, असं मात्र मी म्हणत नाही. न्यूमोनियात ते वेळेवर मिळालंच पाहिजे. पावसाळ्यात मिठी नदीकाठच्या वस्तीत गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचा संशय धरून मी रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करते. धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, न उतरणारा ताप, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा.

एरवी डॉक्टरला सरळ विचारा, "हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी देताय?" राग मानायचं काही कारण नाही. मी तापाची साधी गोळी देते, गरम पाण्याची वाफ आणि विश्रांती सांगते आणि तीन दिवसांनी परत बोलावते, त्या फेरीचे पैसे घेत नाही. आणि खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, वजन उतरू लागलं, रात्री घाम फुटू लागला, तर नवी गोळी घेण्याआधी बेडका तपासून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. टीबी निघालाच, तर औषधंही तिथे फुकट मिळतात.