लग्नाचा केक आणि आठ पेट्या आंबा

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. लग्नातला केक. म्हणजे त्याचं बजेट. हसा, पण आमच्या घरात त्याच्यावरून दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं.

तर झालं असं. मे महिन्यात ताईचं लग्न, रत्नागिरीतच, संध्याकाळी रिसेप्शन. ताईने इन्स्टावर एक केक बघितलेला. तीन मजली, फॉन्डंटचा, पांढराशुभ्र. चौकशी केली. आठ किलो, किलोला १,५०० रुपये, म्हणजे १२,०००. टॉपर आणि फुलं १,५००, ते थंड फटाके १,५००, पोचवायचे १,०००. झाले १६,०००. बाबा म्हणाले, "होऊन जाऊ दे."

मी रात्री हिशेबाची वही उघडली. बाबांच्या अक्षरात एका ओळीत लिहिलेलं, "केक १६", आणि वरच्याच ओळीत, "दलाल ॲडव्हान्स". आपल्याकडे बागायतदाराला हे सांगायला नको. वाशीचा दलाल सीझनच्या आधी पैसे देतो, मग आंबा त्याच्याकडेच जातो आणि पट्टीतून पैसे वळते होतात. त्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गळलेला. त्या आठवड्यात आम्हाला पेटीमागे २,००० पडत होते. म्हणजे केक किती? आठ पेट्या.

सकाळी ताईला वही दाखवली. ती आधी चिडली. म्हणाली, "तुला आत्ताच बरं सुचलं! सासरकडची माणसं काय म्हणतील?" मग गप्प बसली. मग स्वतःच म्हणाली, "मला केक नकोय रे. मला तो फोटो हवाय."

मंडळी, सगळं बजेट त्या वाक्यात आहे. केक खायला हवाय की बघायला, हे आधी ठरवा. बेकरला फोन नंतर.

आता गणित ऐका. वाढदिवसाला आपण माणशी १०० ग्रॅम धरतो, किलोत दहा जण. लग्नात जेवणानंतर ५० ग्रॅमचा तुकडा पुरतो, किलोत वीस जण. आमची माणसं ३५०. आठ किलोचा केक १६० जणांना. बाकीचे १९० काय करणार? सगळ्यांना द्यायचा तर साडेसतरा किलो, नुसत्या केकचे २६,२५०. आणि ताटात आमरस आहेच, त्याचे पैसे केटररला दिलेलेच आहेत. मग सोळा हजारांत नेमकं काय मिळत होतं? ना सगळ्यांचं तोंड गोड, ना हिशेब.

आम्ही काय केलं? गावातल्याच एका घरगुती केक करणाऱ्या ताईंना गाठलं. वरचा एक किलोचा मजला खरा. खालचे दोन डमी, वरून आयसिंग, डमी नंतर परत करायचे. आणखी एक किलो साधा केक आत कापून ठेवलेला, घरच्या चाळीस जणांसाठी. सगळा एगलेस, म्हणजे आजीही खाणार. केकचे १,८००, डमीचे १,४००, टॉपर ५००, आणून रचायचे ३००. एकूण ४,०००. दोन पेट्या!

मला वाटलेलं आजी डमीला नावं ठेवेल. ती म्हणाली, "रुखवतात तरी काय असतं? ते मांडायलाच असतं ना!"

दोन-तीन गोष्टी मात्र आधीच विचारून घ्या. एक, हवा. बटर बत्तीस-पस्तीस डिग्रीला वितळतं आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा तिथेच असतो. फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटला दमट हवेत घाम सुटतो, चिकट होतो. हॉलला एसी नसेल तर केक कापायच्या वीस मिनिटं आधीच बाहेर आणा. दोन, रस्ता. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रचलेला केक आणू नका. मजले सुटे आणायचे, हॉलवर रचायचे, आणि कोण रचणार ते आधीच ठरवायचं. तीन, कागद. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर मागा, घरगुती व्यवसायालाही नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून केकवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय. आणि ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला बिलात तो लावता येत नाही.

आता खरं सांगतो, सगळं गोडगोड झालं नाही. एक मावशी रुसली, "आम्हाला केकच नाही मिळाला." दोन महिने ऐकवत होती. ताईच्या सासरी? कोणी विचारलंही नाही. फोटो मात्र मस्त आलाय, डमी कुठला ते मलाही ओळखता येत नाही.

बाबा काही बोलले नाहीत. पण वही बघितली तेव्हा "केक १६" वर काट मारलेली, आणि बाजूला लिहिलेलं, "४. पोरांनी केलं."

तुमच्या घरी लग्न असेल तर आज रात्री घरच्यांबरोबर बसा आणि विचारा, हे खायला आहे की बघायला? केकचंच नाही, स्टेजचं, फुलांचं, सगळ्याचंच. आणि ती वही कोण लिहितंय, तेही बघा.

चला, आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!