झोळी शिवायची तर

बाळाच्या वस्तू शिवायचा धंदा बचत गटाला जमतो का, असा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी केंद्रावर कळवला होता. आमचा बारा जणींचा गट सहा वर्षं तेच काम करतोय, म्हणून आज मला बोलावलंय.

जमतो. बाळंतविडा द्यायची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे, म्हणून जमतो. लेकीचं बाळंतपण झालं की झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, लाळेरी, सगळं लागतं. पूर्वी आजी जुन्या लुगड्याचं शिवायची. आता घरात लुगडं नाही आणि आजीला मोतीबिंदू. त्यामुळे मऊ सुती बाळंतविडा शिवून देणाऱ्या बाईला गावातच गिऱ्हाईक आहे, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको.

यात कौशल्य आहे, पण ते बारीकसारीक आहे. नवं कापड आधी भिजवून, धुऊन, वाळवायचं आणि मगच कापायचं. सुती कापड आटतं, आणि त्यातली खळ बाळाच्या अंगाला टोचते. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची. टिकल्या, मणी, बटणं लावायची नाहीत, बाळ ती तोंडात घालतं. टोपड्याचे बंद हनुवटीखाली गाठ बसेल एवढेच ठेवायचे, लांब बंद गळ्याभोवती गुंडाळतात. दुकानातली नटवी टोपडी बघितली की मला धडकीच भरते.

आता ज्यावर खरं बोलायचंय त्याकडे येते. मूल पोटाशी बांधायची पट्ट्यांची झोळी, शहरात जिला कॅरियर म्हणतात, ती. बाळंतविड्यापेक्षा तिच्यात पैसा जास्त दिसतो, म्हणून प्रत्येक गटाला वाटतं, आपणही शिवू. पण लाळेऱ्याची शिवण उसवली तर बाळाचं झबलं ओलं होईल. झोळीची शिवण उसवली तर बाळ खाली पडेल. हा फरक डोक्यात पक्का बसल्याशिवाय त्या कामाला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमची पद्धत सांगते. जाड, घट्ट विणीचं सुती कापड. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा घामाने आणि धुण्याने लवकर कुजतो. मशीनला सोळा नंबरची सुई. पट्टा अंगाला जोडतो तिथे तो दोन इंच आत घ्यायचा, चौकोनी शिवण मारायची, चौकोनात फुली मारायची, आणि हे सगळं पुन्हा एकदा. बक्कल हाताला हलकं लागलं तर परत पाठवायचं. झालेला प्रत्येक नग दोघींनी दोन बाजूंनी ओढून बघायचा. दर खेपेतला एक नग वीस किलो ज्वारी भरून रात्रभर तुळईला टांगायचा. सकाळी टाका सैल दिसला तर ती सगळी खेप उसवायची. आत चिठ्ठी शिवायची: महिना कोणता, शिवलं कोणी.

शिवण पक्की असली तरी तेवढ्याने भागत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने कापडी झोळ्यांबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. आधीच्या वीस वर्षांतल्या निदान चौदा बाळांच्या मृत्यूंचा त्यांनी तपास चालवला होता, आणि त्यातली बारा बाळं चार महिन्यांच्या आतली होती. एवढ्या लहान बाळाची मान धरलेली नसते. झोळीत ते मुटकुळं होऊन बसलं, हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो, आणि रडायचा आवाजही येत नाही. म्हणून मान न धरलेल्या बाळासाठी आमचा गट झोळी विकतच नाही. बाकीच्यांना विकताना बांधून दाखवतो. बाळाचा चेहरा आपल्याला दिसला पाहिजे, आणि आपण मान वाकवली की त्याच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे. पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. मांड्यांना गुडघ्यापर्यंत कापडाचा आधार हवा, गुडघे बुडापेक्षा वर. आपण मूल कडेवर घेतो तेव्हा त्याचे पाय आपल्या कमरेला दोन्ही बाजूंनी असतात ना, अगदी तसे. आपल्या आयांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

बरेच बाबा विचारतात, हीच झोळी मोटरसायकलवर चालेल का? नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम केला आणि २०२३ पासून तो लागू आहे: चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा हवा, आणि तो तीस किलो वजन पेलणारा हवा. नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं, आणि गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर नको. तो पट्टा वेगळी वस्तू आहे, आम्ही ती करत नाही. हे आम्ही झोळीच्या चिठ्ठीवर मराठीत छापतो. चिठ्ठी वाचून काही गिऱ्हाइकं परत जातात. जाऊ देत.

आता हिशेब. एका झोळीला कापड २१० रुपये, अस्तर ७०, पट्टा ६०, बकलं ७५, दोरा आणि फोम ३५. झाले ४५०. कापायला-शिवायला चार तास, तासाला पन्नास धरले तर २००. तपासणीचा अर्धा तास २५. वीज, मशीनचं तेलपाणी, एसटीचं भाडं मिळून ४०. एकूण ७१५. गटातल्या बाया पहिल्यांदा मजुरी धरतच नाहीत. ‘घरीच तर असते मी,’ म्हणतात. खुरपायला गेलं की हजेरी मागतो, मग मशीनवर बसल्याची का नको?

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानदाराने दोनशे नगांची मागणी दिली. भाव साडेपाचशे. म्हणाला, कापड हलकं लावा, फुली नको, एक शिवण पुरे, वरून कोणाला दिसतंय? त्या रात्री आमची बैठक अकरापर्यंत चालली. लाखाच्या वरची रक्कम होती, आणि शाळा उघडायच्या तोंडावर. एक जण म्हणाली, ‘ताई, तुमची पोरं मोठी झाली, आमच्या फीचं काय?’ तिला उत्तर देणं सोपं नव्हतं. मतं घेतली, आठ विरुद्ध चार. मागणी परत केली. त्या चौघींपैकी दोघी गट सोडून गेल्या, आता दुसऱ्यांसाठी शाळेचे गणवेश शिवतात. लग्नकार्यात भेटतात, बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. त्या वर्षी आम्हाला वाटायला नफा नव्हता, दुपट्यांवरच निभावलं. झोळ्या आजही महिन्याला पंधरा-वीसच जातात, साडेनऊशेला, प्रदर्शनात किंवा ओळखीतून.

म्हणून नव्या गटाला मी सांगेन, पहिली दोन वर्षं बाळंतविडाच करा. भांडवलाला बँकेत मुद्रा कर्ज विचारा. पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाचं नावच ‘शिशु’ आहे, आपल्या धंद्याला शोभतं, आणि त्याला तारण लागत नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाने पैसे मागितले तर सरळ उठून या.

आणि केंद्रावर फोन करण्याआधी एवढं करा. घरातलं एखादं झबलं उलटं करा, दोन्ही हातांनी शिवण ताणा आणि टाक्यांमधून उजेड दिसतो का बघा. दिसला तर आधी मशीनचा ताण दुरुस्त करून घ्या, मग बोलू. नमस्कार.