पेंडीच्या पोत्यातले विष

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण एक क्विंटल कापूस विकतो. त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सगळी सरकी. तीच सरकी गिरणीत तेल देऊन पेंड होते आणि आपल्याच दारात विकत येते. पेंडीच्या भावावर आपण पुष्कळ बोललो. आज पोत्याच्या आत काय आहे, ते बघू.

पेंड ओलसर राहिली की बुरशी धरते. त्यातली एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी मेले. शोध घेतला तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडले. आपली म्हैस अशी पटकन मरत नाही, म्हणून पेंडीवर कुणाचा संशय जात नाही. विष हळूहळू यकृत खाते. म्हैस वैरण कमी खाते, दूध आटते, अंग उतरते. वासरांना तर लवकर बाधते. आपण म्हणतो नजर लागली, जंत झाले. औषधाला पैसे घालतो आणि दावणीत तीच पेंड टाकतो.

हे विष दिवसभरात दुधातही उतरते. दूध उकळून ते जात नाही. कायद्याने एक किलो दुधात अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस लाखावा भाग, एवढीच सूट आहे. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातले ६,४३२ नमुने तपासले. ३६८ नमुन्यांत विष मर्यादेबाहेर निघाले. दुधात पाणी घातले तर चोर आपण. पण हे विष दुधात आपण घातले नाही, ते पोत्यातून आले. तरी दूध परत आले की तोटा आपल्याच पदरात.

आता आपले स्वतःचे. गळक्या पडवीत, जमिनीवर, भिंतीला टेकून पोती कोण ठेवतो? पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि बुरसलेला कडबा "जनावराला चालतो" म्हणून कोण घालतो? आपणच. बुरशी झटकून किंवा उन्हात वाळवून विष जात नाही.

म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच पेंड घ्या. गाठी झालेली, कुबट वासाची पेंड शेळीलाही घालू नका. संशय आला की पेंड बंद करा. चार-पाच दिवसांत दूध बहुतेक निवळते. पोत्यावरची चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा, चार माणसांदेखत नमुना काढा, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि मागणी एकच: दूध तपासता तशी पेंडही तपासा. नमुना खराब निघाला तर भरपाई पेंड विकणाऱ्याने द्यावी. आम्ही दुधाचा जाब द्यायला तयार आहोत. पोत्याचा जाब त्यांनी द्यावा.