शब्दाकडून अर्थाकडे : संगणकाला अर्थ कसा कळतो?



‘कर’ हा अवघ्या दोन अक्षरांचा शब्द. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तो घरपट्टी-पाणीपट्टीचा बोध करून देतो, काव्यात त्याचा हात होतो आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘अभ्यास कर’ अशी आज्ञा होते. यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. प्रसंगच ते सांगतो. संगणकाच्या लेखी मात्र ती केवळ अक्षरचिन्हे होत. महाजालावर साठलेल्या अफाट माहितीतून हवे तेवढे वेचून काढण्याचे काम आज याच यंत्रावर सोपविले आहे. त्यामुळे त्याला अर्थ कसा कळावा, हा प्रश्न एकट्या शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही.

माणसांसाठी विणलेले जाल

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत काम करीत असताना टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा दुवा, हे या जालाचे मर्म होय. परंतु ती दोन पाने का जोडली, त्यांच्यात नाते काय, हे दुव्यात लिहिलेले नसते. ते वाचणाऱ्याने ताडावयाचे असते, आणि यंत्राला ते ताडता येत नाही.

ही उणीव भरून काढण्याची दिशा बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांच्यासह मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील लेखात दाखविली. त्यांनी तिला ‘सिमँटिक वेब’ असे नाव दिले. मराठीत त्यास अर्थवाही जाल म्हणता येईल. आईच्या उपचारांसाठी भावंडांना सोयीचा चिकित्सक व सोयीची वेळ संगणकाने स्वतःच शोधून द्यावी, असे चित्र त्या लेखात रंगविले होते. नवे जाल उभारण्याचा तो विचार नव्हता. आहे त्याच जालातील माहितीला यंत्राला उमगेल असा अर्थ जोडावा, एवढाच त्याचा आशय होता.

तीन पदांचे विधान

यासाठी योजलेली रीत व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकांना परिचयाची वाटेल. प्रत्येक माहिती तीन पदांच्या लहान विधानात मांडावयाची: कोणाविषयी, कोणते नाते, आणि कोणाशी. ‘निफाड तालुका – भाग आहे – नाशिक जिल्ह्याचा’ हे असे एक विधान. ‘नाशिक जिल्हा – भाग आहे – महाराष्ट्राचा’ हे दुसरे. वेबचे प्रमाण ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अशा मांडणीसाठी १९९९ साली आरडीएफ ही पद्धती मान्य केली.

केवळ विधाने पुरत नाहीत. नात्यांचे नियमही सांगावे लागतात. ‘भाग आहे’ हे नाते पुढे पुढे सरकते, हा नियम दिला की निफाड महाराष्ट्रात आहे, हे कोणीही न लिहिता संगणक अनुमानाने काढतो. ‘जवळ आहे’ या नात्याचे तसे नाही. पहिले गाव दुसऱ्याजवळ आणि दुसरे तिसऱ्याजवळ, एवढ्यावरून पहिले तिसऱ्याजवळ ठरत नाही. असे भेद नेमके नोंदविण्यासाठी २००४ साली ‘आउल’ ही भाषा प्रमाण ठरली. आयआयटी मुंबई येथे तयार झालेला ‘मराठी शब्दबंध’ हा कोशही याच जातीचा आहे. त्यात शब्द अकारविल्हे न लावता समानार्थी गटांत बांधले असून, त्या गटांची परस्परांशी असलेली नातीही दिली आहेत.

नाव आणि ओळख

या साऱ्या रचनेचा पाया म्हणजे प्रत्येक वस्तूची एकमेव ओळख. जमिनीच्या कामात ही गोष्ट गावोगाव ठाऊक आहे. खातेदारांची नावे सारखी असू शकतात. म्हणून सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. तो क्रमांकही गाव, तालुका व जिल्हा सांगितल्यावाचून पुरा होत नाही. अर्थवाही जालात प्रत्येक व्यक्ती, स्थळ वा संकल्पनेला असाच पूर्ण व कायमचा पत्ता दिला जातो.

नावावर विसंबल्यास काय होते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. मराठवाड्यातील औरंगाबादचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहेच. अक्षरे जुळवणारे यंत्र जुनी कागदपत्रे बिहारच्या खाती टाकू शकते आणि एकाच शहराच्या नोंदी दोन नावांखाली विखरू शकते. मग पाऊस, शाळा वा रुग्णालये यांची वर्षानुवर्षांची तुलनाच कोलमडते. क्रमांक कायम असेल, तर नाव बदलूनही नोंदींची साखळी तुटत नाही. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावांचे सांकेतांक आणि शाळांचे ११ अंकी यू-डायस क्रमांक याच गरजेतून महत्त्वाचे ठरतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘विकिडेटा’ या मुक्त माहितीकोशात मुंबई म्हणजे ‘क्यू११५६’. मग ती कोणत्याही भाषेत व लिपीत लिहिलेली असो.

साध्य आणि मर्यादा

२००१ सालचे स्वप्न संपूर्ण साकार झालेले नाही. प्रत्येकाने आपली माहिती अशी काटेकोर मांडावी, हे कष्टाचे काम आहे. तथापि त्याचा काही भाग नित्य वापरात आला आहे. २०११ साली गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही समान शब्दावली पुढे आणली. पानावरील हा आकडा किंमत आहे, ही तारीख कार्यक्रमाची आहे, अशा खुणा तिच्यामुळे शोधयंत्राला वाचता येतात. अलीकडच्या भाषा-प्रारूपांनी प्रचंड मजकुरातून शब्दांच्या संगती शिकून ओघवती उत्तरे देण्यापर्यंत मजल मारली आहे. परंतु ओघवते उत्तर खरे असतेच असे नाही. त्याची पारख करण्यासाठी नेमक्या, ओळखपात्र नोंदींचीच गरज पडते.

येथे एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. यंत्र अनुमान काढते. सत्य तपासत नाही. चुकीच्या विधानावरूनही ते तितक्याच तत्परतेने पुढची विधाने रचते. एका गावाची विहीर दुसऱ्या गावाच्या सांकेतांकावर चढली, तर यंत्राच्या दृष्टीने ती तेथेच असते, आणि पहिल्या गावाची तहान कोणत्याच तक्त्यात उमटत नाही.

म्हणून संगणकाला अर्थ कळतो असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तो अर्थ आधी कोणी माणसाने जाणून, तपासून नोंदविलेला असतो. ते काम दूरच्या प्रयोगशाळेत जेवढे होते तेवढेच शाळेच्या पटावर, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आणि तहसील कचेरीच्या मेजावर होते. योग्य सांकेतांक लिहिणे, एकाच गोष्टीला दरवेळी एकच संज्ञा वापरणे, बदलाची तारीख नोंदविणे आणि चूक आढळताच ती मूळ ठिकाणी दुरुस्त करणे, ही शिस्त पाळली गेली तरच यंत्राला कळलेला अर्थ लोकांच्या उपयोगी पडेल.