दोन गांवचा पाऊस

गोंदिया हा धानाचा जिल्हा. तेथें आषाढसरी कोसळल्या कीं बांधींत पाणी सांचतें आणि पऱ्ह्यांची रोवणी सुरू होते. सांचलेलें पाणी म्हणजे वर्षाचें अन्न. विदर्भ एक्सप्रेसनें कामासाठीं मुंबईस आलेल्या तरुणास तेंच पाणी निराळ्या रूपांत भेटतें. शीव-कुर्ल्याचे रूळ पाण्याखालीं जातात, लोकल खोळंबते, दिवसाची मजुरी बुडते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां शेंकडों माणसें दगावलीं. मोठ्या भरतीच्या वेळीं शहराचें पाणी समुद्रांत उतरत नाहीं. म्हणून नवागत पावसाबरोबर भरती-ओहोटीचें वेळापत्रकही पाहूं लागतो. सायंकाळीं घरच्यांशीं दूरध्वनीवर बोलतांना मात्र त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: "बांधी भरली काय?"